तीन हजार सहाशे मीटरवरचे मैदान

१ एप्रिल २००९ या दिवशी दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, ला पास शहरातील एर्नांदो सिलेस मैदानावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा एक पात्रता सामना झाला. पाहुणा संघ अर्जेंटिनाचा. संघात लिओनेल मेस्सी, आणि प्रशिक्षक म्हणून साक्षात दिएगो मॅराडोना. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : बोलिव्हिया ६, अर्जेंटिना १. तारीख पाहून कुणालाही ही थट्टा वाटावी. अर्जेंटिनाने तोवर दोनदा विश्वचषक जिंकलेला होता. बोलिव्हिया त्या स्पर्धेत खेळला होता तोच मुळी तीनदा, १९३०, १९५० आणि १९९४ साली.

चांगले खेळल्याचे श्रेय बोलिव्हियाच्या खेळाडूंना द्यायलाच हवे. पण या मैदानाविषयी बोलताना खेळाडूंच्या आधी हवेचा विषय निघतो, आणि तो गेली कित्येक दशके निघत आला आहे. मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे सुमारे ३,६०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर दुसरे कळसूबाई ठेवले तरी या मैदानाच्या गवताला आपण पोचत नाही. तिथे खेळणे न्याय्य आहे का, या प्रश्नावरून फिफाने बंदी घातली, एका राष्ट्राध्यक्षाने बर्फाच्या डोंगरावर जाऊन फुटबॉल खेळून दाखवला, आणि शरीरशास्त्रज्ञांपासून संख्याशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी त्यात लक्ष घातले. वर्गात दाब, घनता, श्वसन आणि घर्षण हे धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात. या एका मैदानावर ते सगळे एकत्र भेटतात, म्हणून हा लेख.

आधी मैदानाची थोडी ओळख करून घेऊ. १६ जानेवारी १९३० रोजी ते खुले झाले आणि त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष एर्नांदो सिलेस यांचे नाव त्याला मिळाले. मिराफ्लोरेस नावाच्या वस्तीत, घरांच्या गर्दीत ते वसले आहे आणि त्यात सुमारे चाळीस हजार प्रेक्षक मावतात. राष्ट्रीय संघाखेरीज शहरातील दोन जुने प्रतिस्पर्धी क्लबही हेच आपले घर मानत आले : १९०८ साली स्थापन झालेला ‘द स्ट्राँगेस्ट’ आणि १९२५ सालचा ‘बोलिव्हार’. स्पॅनिश बोलणाऱ्या गावात एका क्लबाचे नाव चक्क इंग्रजी आहे. पुढे पाराग्वायशी झालेल्या चाको युद्धात या क्लबाचे लोक लढले, आणि १९३४ मधील एका लढाईला ‘कान्यादा स्ट्राँगेस्ट’ असे क्लबाचेच नाव पडले. मैदानासमोरच्या चौकात तिवानाकू संस्कृतीतील सात मीटरहून उंच असा एक पाषाणस्तंभ अनेक दशके उभा होता. शहराच्या धुराने तो झिजू लागला, तेव्हा २००२ मध्ये तो पुन्हा तिवानाकूला नेण्यात आला. मनुष्यवस्ती या पठारावर किती जुनी आहे याची ती खूणच. असो, आपण हवेकडे वळू.

ऑक्सिजन कमी म्हणजे नेमके काय कमी?

विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहा : ला पासच्या हवेत ऑक्सिजन किती टक्के असतो? बहुतेक जण पंधरा, बारा असे काहीतरी सांगतील. बरोबर उत्तर आहे सुमारे २१ टक्के. मुंबईत जेवढा, तेवढाच. वारे आणि वादळे वातावरणाचा खालचा थर सतत ढवळत असतात, त्यामुळे वायूंचे परस्परप्रमाण कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत बदलत नाही. बदलतो तो दाब. ‘उंचीवर ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतसुद्धा कधी कधी आढळते. ते दुरुस्त करून शिकवावे.

हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होत जाते. साधारणपणे दर साडेपाच किलोमीटरला दाब निम्मा होतो. या हिशेबाने ३.६ किलोमीटरवर तो समुद्रकाठच्या ६४ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात ला पासमध्ये तो सुमारे ४९५ मिलिमीटर पारा, म्हणजे ६५ टक्के आढळतो. हा किंचित फरकही अर्थपूर्ण आहे. ला पास उष्ण कटिबंधात आहे. उबदार हवा फुगून वर उचलली जाते, त्यामुळे विषुववृत्ताजवळ एखाद्या उंचीवर जेवढी हवा अजून डोक्यावर शिल्लक असते, तेवढी ध्रुवांकडे त्याच उंचीवर नसते. हेच मैदान त्याच उंचीवर अलास्कात असते तर तिथे धाप आणखी लागली असती.

आता ही हवा छातीत घेऊ. नाकातून आत जाताना हवा शरीराच्या तापमानाला येते आणि पाण्याच्या वाफेने संपृक्त होते. ३७ अंशांना या वाफेचा दाब ४७ मि.मी. असतो, मग तुम्ही कुठेही असा. ही वाफ आपला वाटा आधी घेते, उरलेल्यात बाकीचे वायू. समुद्रकाठी ७६० मधून ४७ वजा केले आणि त्याचे २१ टक्के काढले, तर ऑक्सिजनचा दाब येतो सुमारे १५० मि.मी. ला पासला ४९५ मधून तेच ४७ वजा करून येतात फक्त ९४. फुप्फुसाच्या वायुकोशांत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइडही जागा अडवतो आणि समुद्रकाठचा आकडा १०० च्या जवळ, तर ला पासचा ५५ ते ६० वर येतो.

दाब जवळजवळ निम्मा झाला, तर रक्तातला ऑक्सिजनही निम्मा होतो का? होत नाही, आणि ही हिमोग्लोबिनची कृपा. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन किती धरला हे दाबाच्या संदर्भात आलेखावर मांडले, तर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. तिचा वरचा भाग जवळजवळ सपाट असतो. दाब १०० वरून ६० वर आला तरी हिमोग्लोबिन ९७ टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या आसपासच उतरते. पण तिथून पुढे रेषा कड्यासारखी खाली जाते. नवखा माणूस ला पासला नेमका या कड्याच्या काठावर उभा असतो. स्वस्थ बसला तर निभावते. पळू लागला की रक्त फुप्फुसातून घाईने वाहते, ऑक्सिजन भरून घ्यायला वेळ अपुरा पडतो, आणि पाय कड्यावरून घसरतो.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेत कामानिमित्त जाताना वाटेत लेहला थांबलो होतो. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर, जवळपास ला पासइतकीच. आपल्याकडून हल्ली कितीतरी मंडळी सुटीत तिथे जातात, त्यांना हे चांगले ठाऊक असेल. विमानातून उतरल्यावर विश्रांती घ्या असे बजावलेले असूनही आम्ही सामान खोलीवर टाकून शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघालो. बसल्या जागी काहीच वाटत नव्हते ना! तीस-चाळीस पायऱ्यांत छातीचा भाता झाला. तेवढ्यावर भागले नाही. खरी डोकेदुखी, अक्षरशः, सुरू झाली ती रात्री, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. वरणाचे पातेले तासभर उकळत राहिले तरी डाळ अर्धवट कच्चीच, कारण तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. कुकर का शोधला गेला हे त्या दिवशी नीट कळले. अशा अवस्थेत नव्वद मिनिटे फुटबॉल!

नव्वद मिनिटांचा हिशेब

फुटबॉलपटू एका सामन्यात साधारण दहा किलोमीटर धावतो. पण तो एका लयीत धावत नाही. तो चालतो, रेंगाळतो, मध्येच वीस मीटर जीव तोडून पळतो, पुन्हा चालतो. जीव तोडून पळण्याच्या त्या काही सेकंदांना ऑक्सिजन फारसा लागत नाही. स्नायूंत साठवलेली फॉस्फोक्रिएटिनसारखी द्रव्ये ती गरज भागवतात. १९६८ चे ऑलिंपिक २,२४० मीटर उंचीच्या मेक्सिको शहरात झाले, तेव्हा छोट्या शर्यतींत विक्रम कोसळले आणि बॉब बीमनने ८.९० मीटरची लांब उडी मारली. विरळ हवा त्यांच्या वाटेतून बाजूला झाली होती. त्याच स्पर्धेत १०,००० मीटर धावताना त्या अंतराचा विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क अंतिम रेषेनंतर कोसळला.

फुटबॉल या दोहोंच्या मध्ये पडतो. एक धाव जमते, दुसरीही जमते. पण दोन धावांच्या मध्ये रिकामा झालेला साठा पुन्हा भरायचे काम ऑक्सिजनच करतो. ते काम मंदावते. ला पासच्या उंचीवर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वीस ते पंचवीस टक्क्यांनी घटते. म्हणून पाहुणा खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येत नाही. तो ओळखू येतो सत्तराव्या मिनिटाला, चेंडू हुकल्यावर परत यायला त्याला वेळ लागतो तेव्हा. २५ जुलै १९९३ रोजी याच मैदानावर बोलिव्हियाने ब्राझीलला २-० असे हरवले. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत ब्राझीलची ती पहिलीच हार, आणि दोन्ही गोल शेवटच्या काही मिनिटांत झाले होते. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे खरे, पण उदाहरण म्हणून ते लक्षात राहते.

मग पाहुण्या संघाने करावे काय? शरीर जुळवून घेते, पण आपल्या गतीने. पहिल्या काही तासांतच श्वास वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होऊ लागते, आणि तेच श्वासाला लगाम घालते. मूत्रपिंडे ही अल्कता हळूहळू बाहेर टाकतात, त्याला काही दिवस लागतात. रक्तातील पाण्याचा अंश कमी होऊन ते थोडे दाट होते. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक काही तासांत वाढते, पण त्याच्या हुकमावरून नव्या तांबड्या पेशी पुरेशा संख्येने तयार व्हायला आठवडे लागतात. दरम्यान, उंचीचा जो आजार आहे, ज्याला अँडीज पर्वतात ‘सोरोचे’ म्हणतात, तो पोचल्यापासून सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त छळतो.

यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. दोन-तीन आठवडे आधी या, किंवा अगदी सामन्याच्या तोंडावर या. दोन दिवस आधी येणे सर्वांत वाईट! तीन आठवडे खेळाडू मोकळे सोडायला कोणताही व्यावसायिक क्लब तयार नसतो. म्हणून संघ अवघ्या चारशे मीटर उंचीवरच्या सांता क्रूस शहरात मुक्काम करतात, सामन्याच्या दिवशी विमानाने वर येतात, खेळतात आणि डोके दुखू लागण्याच्या आत खाली उतरतात. ऑक्सिजन कमी पडायचा तो पडतोच, निदान आजार तरी टळतो.

काही संघ कपडे बदलण्याच्या खोलीत ऑक्सिजनच्या टाक्या ठेवतात. त्यांचा उपयोग किती? हिशेब सोपा आहे. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त, आणि त्यात सुमारे एक लिटर ऑक्सिजन असतो. टाकीतला ऑक्सिजन हुंगून संपृक्तता दहा टक्क्यांनी वाढली, तर जास्तीचा मिळाला शंभर मिलिलिटर. जोरात धावणारा खेळाडू मिनिटाला तीन लिटर ऑक्सिजन वापरतो. शंभर मिलिलिटर त्याला पुरतील दोन सेकंद. मध्यंतरात बरे वाटते, धीर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो फायदा मैदानाची कड ओलांडेपर्यंतही टिकत नाही.

आणि तिथेच जन्मलेले लोक? त्यांना उंची जाणवत नाही असे समजणे चूक आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सतरा वर्षांखालील मुलांचा संघ आणि बोलिव्हियातील एक तरुण संघ यांना आधी सांता क्रूसला व मग ला पासला एकमेकांशी खेळवून त्यांच्या धावण्याची मोजणी करण्यात आली. वर गेल्यावर धावणे दोघांचेही कमी झाले. स्थानिकांचा लाभ आहे तो तुलनेने. बोलिव्हियाच्या पठारावरील आयमारा लोकांत हजारो वर्षांच्या वास्तव्याने हिमोग्लोबिन वाढलेले असते. पुरुषांत ते १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १९ ग्रॅम भरते. पण तेवढ्याच उंचीवर राहणाऱ्या तिबेटी पुरुषांत ते साडेपंधराच्या आसपासच असते, आणि तेही उत्तम जगतात. म्हणजे निसर्गाने एकच अडचण दोन पर्वतांवर दोन वेगळ्या तऱ्हांनी सोडवली आहे. जास्त तांबड्या पेशींची वाट काहीशी धोक्याची. त्या फार वाढल्या तर रक्त घट्ट होते आणि आजार जडतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंखे यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याचे वर्णन केले.

‘चेंडू वळत नाही’

१९९६ साली इक्वाडोरची राजधानी कीतो येथे, २,८५० मीटर उंचीवर, अर्जेंटिना ०-२ असा हरला. प्रशिक्षक दानिएल पासारेला यांनी तक्रार केली की इथे चेंडू वळतच नाही. त्यांची पुष्कळ टिंगल झाली आणि ते वाक्य तिकडे म्हणीसारखे झाले. आम्हाला मात्र वाटते की पासारेलांनी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बऱ्यापैकी बरोबर निरीक्षण नोंदवले होते.

ला पासच्या हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. हवेचा विरोध घनतेच्या समप्रमाणात असतो. आपण आकडे घालून पाहू. चेंडूचे वस्तुमान ४३० ग्रॅम, व्यास २२ सेंटिमीटर, वेग सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि विरोधाचा गुणांक ०.२५ धरू. समुद्रकाठी हवेचा विरोध भरतो सुमारे ३.६ न्यूटन. चेंडूचे वजन आहे ४.२ न्यूटन. म्हणजे जोरात मारलेल्या चेंडूला हवा जवळजवळ त्याच्या वजनाइतक्या बळाने मागे ढकलत असते! शाळेत आपण ‘हवेचा विरोध नगण्य मानू’ असे म्हणून प्रक्षेपकाची गणिते सोडवतो, ती फुटबॉलला किती लागू पडतात ते यावरून कळावे.

ला पासला हा विरोध २.४ न्यूटन. वीस मीटर अंतर कापल्यावर समुद्रकाठचा चेंडू सेकंदाला १९ मीटरच्या थोडा वर असतो, ला पासचा जवळपास २१ मीटरवर. वीस मीटर पार करायला पहिल्याला ०.९२ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.८८. फरक फक्त ४ शतांश सेकंदाचा. पण एवढ्या वेळात चेंडू ८० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. गोलरक्षकाची उडी लहानपणापासूनच्या हजारो चेंडूंवर बेतलेली असते. तो विचार करून उडी मारत नाही, त्याचे शरीर अंदाज घेते, आणि हा अंदाज समुद्रकाठच्या हवेचा असतो.

वळण्याचे काय? फिरकी दिलेला चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला वळवून फेकतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हे बाजूचे बळही घनतेच्या प्रमाणात असते. समुद्रकाठी जी फ्री किक वीस मीटरमध्ये दोन मीटर वळेल, तीच ला पासला १.४ मीटरच्या आसपास वळेल. बचावाची भिंत चुकवून गोलखांबाच्या आतल्या अंगाने जायचा चेंडू साठ सेंटिमीटर बाहेरून जातो. चेंडू वळतो, पण हवा तेवढा वळत नाही.

इथे एक बारीक मेख आहे. चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा थर एका विशिष्ट वेगापलीकडे खळबळयुक्त होतो आणि विरोधाचा गुणांक एकदम खाली येतो. विरळ हवेत हा वेग आणखी वर सरकतो. त्यामुळे मधल्या काही वेगांना विरोध नेमका दोन तृतीयांश होत नाही. आमचे आकडे जोरदार फटक्यांसाठी आहेत आणि तेही अंदाजाचे आहेत.

वर्गात मॅग्नस परिणाम दाखवायला फुटबॉल लागत नाही. वहीच्या कागदाची हलकी नळकांडी करा, व्यास चार-पाच सेंटिमीटर. टेबलावर एक फळी तिरकी ठेवा, तिचे खालचे टोक टेबलाच्या कडेशी येऊ द्या, आणि नळकांडी तिच्यावरून घरंगळू द्या. कड सोडल्यावर ती पुढे जाऊन पडेल असे मुले सांगतील. प्रत्यक्षात ती वळून टेबलाखाली शिरते. मग तेवढ्याच आकाराचा जड लाकडी रूळ सोडून पाहा. तो मुकाट्याने पुढे पडतो, कारण त्याच्या वजनापुढे हवेचे बळ क्षुल्लक असते.

वरच्या इयत्तांसाठी आणखी एक गणित. फुटबॉलच्या नियमांनुसार चेंडूतील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा ०.६ ते १.१ वातावरण इतका जास्त असावा लागतो. समुद्रकाठी ०.८ पर्यंत भरलेला चेंडू न उघडता ला पासला नेला, तर काय होईल? बाहेरचा दाब ०.३५ ने उतरला, चेंडूचे आकारमान फारसे बदलत नाही. आतला जादा दाब झाला १.१५. चेंडू नियमबाह्य, आणि दगडासारखा टणक! तिथे पोचल्यावर आधी थोडी हवा सोडावी लागते.

बंदी

२००७ च्या फेब्रुवारीत ब्राझीलचा फ्लामेंगो हा क्लब बोलिव्हियातच, पण ला पासहूनही उंच असलेल्या पोतोसी गावी सामना खेळायला गेला आणि त्याच्या खेळाडूंना ऑक्सिजन द्यावा लागला. ब्राझीलमध्ये गदारोळ उठला. मे महिन्यात फिफाने २,५०० मीटरहून उंच ठिकाणी आंतरराष्ट्रीय सामने खेळण्यास मनाई केली. कारण सांगितले गेले खेळाडूंच्या प्रकृतीचे. या एका आदेशाने ला पास, कीतो आणि कोलंबियाची राजधानी बोगोता अशी तीन मोठी शहरे बाद झाली. बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस स्वतः पठारावर वाढलेले आणि फुटबॉलवेडे. जूनमध्ये ते सहकाऱ्यांना घेऊन साहामा पर्वतावर सुमारे ६,००० मीटरवर गेले आणि तिथल्या बर्फात फुटबॉल खेळले. फिफाने मर्यादा ३,००० मीटरवर नेली, ला पासला सवलत दिली, आणि मे २००८ मध्ये बंदीच मागे घेतली. मार्च २००८ मध्ये मोरालेस यांच्या बाजूने, याच एर्नांदो सिलेस मैदानावर एक प्रदर्शनीय सामना खेळून गेलेला पाहुणा कोण होता? दिएगो मॅराडोना. वर्षभराने त्याच मैदानावर त्यांच्या संघाने सहा गोल खाल्ले. त्या सामन्यानंतरही त्यांनी उंचीला दोष दिला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

वाद रंगात असतानाच, डिसेंबर २००७ मध्ये, ऑक्सफर्डचे पॅट्रिक मॅकशॅरी यांनी एक संख्याशास्त्रीय अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. दक्षिण अमेरिकेतील दहा देशांचे शंभर वर्षांतील १,४६० सामने त्यांनी तपासले. दोन्ही संघ सारख्या उंचीवरचे असतील, तर यजमान जिंकण्याची संभाव्यता ०.५३७ येते. यजमान ३,६९५ मीटरने उंच असेल, म्हणजे बोलिव्हियाच्या घरी ब्राझील, तर ती ०.८२५ होते. दर हजार मीटर फरकाला सुमारे अर्धा गोल, असे त्यांचे गणित. पण याच अभ्यासात उलट बाजूही आहे. ब्राझीलच्या घरी बोलिव्हिया असेल तर यजमानाची संभाव्यता ०.२१३ पर्यंत घसरते. म्हणजे उंचावरचा संघ खाली उतरल्यावरही वरचढ!

हा दुसरा आकडा आम्ही जरा संशयानेच वाचतो. उंचीतील फरक एकाच सरळ रेषेने मांडला, तर एका टोकाला दिसणारा परिणाम दुसऱ्या टोकालाही आपोआप चिकटतो. प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो? विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत बोलिव्हियाने १९९३ साली व्हेनेझुएलात विजय मिळवला. त्यानंतरचा परदेशातील विजय आला थेट सप्टेंबर २०२४ मध्ये, चिलेमध्ये. मधली एकतीस वर्षे कोरडी. संघाची मूळ ताकद आणि उंचीचा परिणाम वेगळे काढणे कागदावर जमते तितके सोपे नसते. उंची म्हणजे सर्वस्व नव्हे याचेही पुरावे आहेत. १९९७ च्या कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना ला पासलाच झाला आणि तो ब्राझीलने ३-१ असा जिंकला. अर्जेंटिनानेही तिथे २०२० मध्ये २-१ आणि २०२३ मध्ये ३-० असे विजय मिळवले.

प्रकृतीचा प्रश्न खोटा नाही. उंचीवर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून माणसे दगावतात, हे गिर्यारोहकांना ठाऊक आहे. पण काही तासांसाठी वर येऊन उतरणाऱ्या निरोगी खेळाडूला तो धोका थोडा. शिवाय कोलंबिया आपले सामने बोगोतातील थंड हवेत न खेळता समुद्राजवळच्या बारांकिया शहरात खेळतो. तिथल्या दमट उन्हात पाहुण्यांचा घामटा निघतो. उष्माघातही जीवघेणाच, तरी उन्हावर बंदी कुणी सुचवली नाही. पाहुण्यांना ऊन सोसते आणि उंची सोसत नाही, म्हणून नियम उंचीचा झाला, असे आम्हाला वाटते. ज्या शहरात लाखो माणसे रोज कामाला जातात, मुले शाळेच्या अंगणात चेंडू लाथाडतात, तिथे खेळणे अनैसर्गिक आहे, असे ठरवण्याचा अधिकार समुद्रकाठच्या फुप्फुसांना असावा का, हा प्रश्न भौतिकशास्त्राने सुटणारा नाही. वर्गात त्यावर वाद जरूर घालावा. दोन्ही बाजू मांडणारी मुले मिळतील.

बोलिव्हियाने स्वतः काय केले? ला पासच्या डोक्यावर, पठाराच्या कडेशी, एल आल्तो हे शहर आहे. सप्टेंबर २०२४ पासून राष्ट्रीय संघाने आपले पात्रता सामने एर्नांदो सिलेसवरून हलवून एल आल्तोच्या मैदानावर नेले. तिथली उंची सुमारे ४,१०० मीटर. पहिल्याच सामन्यात व्हेनेझुएला ४-० असा हरला, आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी तिथे ब्राझील ०-१ असा हरला. दर साडेपाच किलोमीटरला दाब निम्मा, हे सूत्र वर दिलेच आहे. एल आल्तोच्या वायुकोशांत किती ऑक्सिजन उरतो, ते विद्यार्थ्यांनी काढून पाहावे.